पाटीवरचं नाव

जरीपटक्याच्या दवाखान्यातून जुन्या शुक्रवारीतल्या माहेरी जायचं तर रस्ता सरळ होता. पण डॉक्टर प्रेमलता रिक्षात बसल्या, की महालाच्या पुढे आल्यावर हमखास म्हणायच्या, "इथून डावीकडून घ्या." डावीकडून घेतलं की तीन बोळ जास्त पडत, एका बोळात म्हशी आडव्या बसलेल्या असत, आणि रिक्षावाला मागे वळून एकदा तरी बाईंच्या तोंडाकडे पाही. नवरा गिरिधर सोबत असला की तो म्हणे, तुझं माहेर दर खेपेला दूर सरकतंय. ती हसायची आणि त्याला दुसरंच काहीतरी विचारायची.

तशी बाई गुणाची. जरीपटक्यातल्या सिंधी बायका तिला दीदी म्हणत, आणि लेकीसुनांची दुखणी नवऱ्याआधी तिला सांगत. औषधाच्या चिठ्ठीवरचं तिचं अक्षर वाचता यायचं, ही तर डॉक्टरांत दुर्मीळच गोष्ट. एकच खोड होती. कोणी तोंडावर तिला सज्जन, प्रामाणिक वगैरे म्हटलं, की ती एकदम पर्स शोधायला लागायची. पर्स बहुतेक वेळा मांडीवरच असायची.

त्या सरळ रस्त्यावर एक वाचनालय होतं. नऊ वर्षं ती त्याच्या दारासमोरून गेली नव्हती. काहून नव्हती गेली, ते सांगायचं तर अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात जावं लागतं.

त्या उन्हाळ्यात प्रेमलता अठरा वर्षांची होती. बारावी सायन्सचा निकाल लागायचा होता, पण तिच्या वडिलांनी तो आधीच लावून टाकला होता. महादेवरावांची इतवारीत धान्याची अडत होती. मनात आलेली गोष्ट त्यांच्या पोटात एक दिवससुद्धा राहत नसे. रामटेकला एका लग्नात, भर पंगतीत, भातावर वरण पडत असताना त्यांनी सांगून टाकलं, की आमची प्रेमलता डॉक्टर होणार. मग न्हाव्याला सांगितलं, पानवाल्याला सांगितलं, आणि शेजारच्या आजारी म्हातारीला धीर दिला की दम धरा, पाच वर्षांत घरचीच डॉक्टर येते. म्हातारीनं खरंच दम धरला होता.

इकडे प्रेमलतेला केमिस्ट्रीचा पेपर आठवला की ती बोटांवर मार्क मोजायला लागे. सरकारी मेडिकल कॉलेजात मार्कांवर प्रवेश मिळायचा, आणि तेवढे मार्क आपल्याला पडणार नाहीत हे तिला परीक्षेच्या हॉलमध्येच कळलं होतं. ती घरी बोलली नाही. वडिलांचं जगभर सांगून झालेलं, आता बोलायचं कोणत्या तोंडानं?

राहिलं होतं एकच दार. वर्ध्याकडच्या एका मेडिकल कॉलेजची स्वतःची प्रवेश परीक्षा असे. तिथं बारावीच्या मार्कांपेक्षा त्या परीक्षेला मान. विज्ञानाचे पेपर, आणि त्याखेरीज एक गांधी-विचारांचा. शिकवणीचे सर विज्ञान घोकून घेत, पण या शेवटच्या पेपरचं नाव काढलं की चष्मा पुसायला लागत. शिवाय परीक्षा संपली की प्रश्नपत्रिका परत घेतल्या जात. त्यामुळे मागच्या वर्षी काय विचारलं होतं, ते बाजारात कुठल्याच दुकानात मिळत नसे. ते मिळे फक्त जुन्या शुक्रवारीच्या वाचनालयात, कवडूजी निमजे यांच्याजवळ.

कवडूजी तिथले शिपाई. एक हॉल, दोन पंखे, चार लांब टेबलं आणि भिंतीभर कपाटं, एवढा त्यांचा संसार. मॅट्रिकला तीनदा बसून तिन्ही वेळा गणितात आपटलेला हा माणूस, पण अक्षर असं की सरकारी नोटीसही वाचावीशी वाटावी. वाचनालय उघडलं त्या दिवसापासून, म्हणजे सोळा वर्षं, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या करदोड्याला होता. झोपतानाही ते तो काढत नसत असं पोरं म्हणत. परीक्षेचे दिवस आले की ते दुपारीही हॉल उघडा ठेवत, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत, आणि गारव्यात पोरं पेंगायला लागली की टेबलावर टिचकी मारून जागं करत.

त्या वहीची गोष्ट अशी, की काही वर्षांपूर्वी कृष्णकांत नावाचा एक पोरगा ती परीक्षा देऊन थेट वाचनालयात आला होता. म्हणाला, प्रश्न डोक्यात आहेत तोवर लिहून ठेवतो, पुढच्यांच्या कामी येतील, कागद द्या. कवडूजींनी लाल कापडी पुठ्ठ्याची कोरी लांब वही काढून दिली. पुढच्या वर्षी दोघांनी लिहिलं, त्याच्या पुढच्या वर्षी चौघांनी. दर वर्षी कवडूजी पेन्सिलीनं रेघा आखत, वर सन घालत, खाली परीक्षेला बसणाऱ्यांची नावं आधीच लिहून प्रत्येकाला चार पानं सोडत. वहीचे नियम दोनच. घरी न्यायची नाही, इथं बसून अर्धा तास वाचायची. आणि ज्यानं वाचली त्यानं परीक्षा देऊन घरी न जाता आधी इथं यायचं आणि आठवेल ते लिहायचं. दाराजवळ खिळ्याला एक दगडी पाटी टांगलेली असे. वही ज्याच्या हातात, त्याचं नाव आणि वेळ कवडूजी खडूनं तिच्यावर लिहीत. अर्धा तास झाला की नाव पुसत आणि दुसऱ्याचं लिहीत.

त्या वर्षी वहीला बसणारे चौघं होते. दोन पोरं, प्रेमलता आणि देवकी.

देवकी बोंद्रे कुहीची. वडिलांची धानाची शेती, नागपुरात ती आत्याकडे राहून शिकायची. आत्या प्रयागबाई वाचनालयाच्या मागच्या बोळात राहत आणि पापड लाटून विकत. देवकी दिवसभर आत्याला पापड लाटू लागायची आणि संध्याकाळी सहाला, हाताला उडदाच्या पिठाचा वास घेऊन, वाचनालयात यायची. शाळेपासून दोघी एका बाकावरच्या. देवकीनं एकदा वाचलं की ते तिच्या डोक्यात बसायचं ते बसायचंच. आणि त्याचा तिला गर्व नव्हता, हीच अडचण होती. गर्व असता तर प्रेमलतेला तिचा राग तरी करता आला असता.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. एका संध्याकाळी दोघी वाचनालयाच्या पायरीवर बसून एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. प्रेमलतेनं वीस विचारले, देवकीनं एकोणीस सांगितले. मग देवकीनं वीस विचारले. प्रेमलतेला अकरा आले. देवकीनं तिच्याकडे पाहिलं आणि मायेनं म्हटलं, "तुले आज झोप नाही झाली वाटते वं." झोप चांगली आठ तास झाली होती. प्रेमलता हो म्हणाली आणि घरी गेली. त्या रात्री जेवताना महादेवरावांनी सांगितलं, की त्यांनी रामटेकला पत्र टाकलं आहे, ऑगस्टमध्ये पोरगी कॉलेजात जाते म्हणून.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला वही तिच्या हातात आली. कवडूजींनी पाटीवर नाव लिहिलं आणि बादली घेऊन नळावर गेले. हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं. सहाला देवकी येणार होती. सगळ्यात खालच्या कप्प्यात जुन्या मासिकांचे बांधीव अंक होते, त्यांना वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता. प्रेमलतेचा हात आधी गेला, विचार मागून आला. तिनं वही अंकांच्या मागं सरकवली, उठली, पदर सारखा केला आणि चालायला लागली. बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की फक्त एक दिवस. एका दिवसानं देवकीचं काय बिघडतं? उद्या गुपचूप जागेवर ठेवू.

उद्या ती गेली तेव्हा हॉलमध्ये भैय्याजी उभे होते.

भैय्याजी वाचनालयाचे चिटणीस, कापडाचे व्यापारी, शिस्तीचे कडक. त्या वर्षी एका पोरानं पुस्तकातलं पान फाडलं, तर त्यांनी त्याचं नाव बापाच्या नावासकट बाहेरच्या फळ्यावर आठवडाभर लावून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी वही सापडेना म्हणून पोरांनी आरडाओरड केली, एक जण धावत जाऊन त्यांना सांगून आला, आणि आता ते चौकशीला आले होते. त्यांनी सरळ विचारलं, शेवटी वही कोणाच्या नावावर होती. सगळ्यांनी पाटीकडे पाहिलं.

प्रेमलता दाराकडे सरकली. मग तिनं पाहिलं, पाटी कोरी होती. नुसती पुसलेली नाही, ओल्या फडक्यानं लख्ख धुतलेली.

"काल नाव लिहाचं राहून गेलं," कवडूजी म्हणाले.

तिनं स्वतःच्या डोळ्यांनी ते नाव पाहिलं होतं. पण माणूस बुडायला लागला की हाताशी काय आलं ते विचारत नाही. म्हातारा विसरला असेल, पाणी मारताना पाटी भिजली असेल, असं म्हणून तिनं देवाचे आभार मानले. भैय्याजींना मात्र ते पटलं नाही. सोळा वर्षांत एकदाही न चुकणारा माणूस नेमका कालच चुकतो? त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, की वही कोण्या शिकवणीवाल्याला नेऊन तर दिली नाही. कवडूजींनी हातातली बादली खाली ठेवली. मग भैय्याजींनी हात पुढे केला आणि किल्ल्या मागितल्या. गाठ जुनी होती, सुटता सुटेना. कवडूजी मान खाली घालून करदोड्याशी झटत राहिले, आणि चारही पोरं ते पाहत उभी राहिली.

तेव्हा बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. प्रेमलतेनं तोंड उघडलंसुद्धा, पण तिला बाहेरचा फळा दिसला, त्याच्यावर महादेवराव वैरागडे हे नाव दिसलं, आणि तिनं तोंड मिटलं.

वही परत ठेवायची तर आता जास्तच कठीण झालं. कुठून आली, असं कोणी विचारलं तर? म्हणून ती तिथंच राहिली. आणि वही तिथं आहे हे एकट्या आपल्याला ठाऊक आहे म्हटल्यावर वाचायचं कसं सोडवेल? भर दुपारी दोनला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, ती वाचनालयात जायला लागली. भैय्याजी सकाळी स्वतः कुलूप काढून जात आणि रात्री लावायला येत, दिवसभर हॉल उघडाच. ती गेली की कवडूजी बादली उचलून बाहेर जात आणि ताट्यांवर पाणी मारत बसत. चांगला अर्धा तास त्यांचं ते काम चाले. केवढं नशीब, असं तिला वाटे. एक दिवस बांधीव अंकांवरची धूळ नाहीशी झालेली दिसली तेव्हा ती चरकली. पण वही जागच्या जागी होती, म्हणून पुन्हा वाचायला बसली.

वहीत गांधी-विचारांच्या पेपराबद्दल कृष्णकांतनं लिहून ठेवलं होतं, की अस्तेय म्हणजे काय हे नीट तयार करा. नुसतं चोरी न करणं म्हणू नका. दुसऱ्याला गरज असलेली वस्तू अडवून ठेवणं, हीही चोरीच, हा मुद्दा विसरू नका. प्रेमलतेनं तो मुद्दा बांधीव अंकांच्या आडोशाला जमिनीवर बसून पाठ केला. कान गरम झाले, पण पाठ केला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा झाली, आणि अस्तेयावरच प्रश्न आला. तिनं दीड पान लिहिलं. आयुष्यात इतकं सरळ उत्तर तिनं कधी लिहिलं नव्हतं, आणि प्रत्येक ओळ लिहिताना तिला आपलीच किळस येत होती.

परतीच्या एस.टी.त देवकी शेजारी बसली होती. ती म्हणाली, स्टँडवरून सरळ वाचनालयात जाऊ आणि सुट्या कागदावर का होईना लिहून देऊ. प्रेमलतेनं डोकं दुखत असल्याचं सांगितलं. देवकीनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली तिला दिली आणि एकटी गेली. प्रेमलता दुसऱ्या दिवशीही गेली नाही, तिसऱ्याही नाही.

यादी लागली. प्रेमलतेचं नाव त्यात होतं. देवकीचं नाव प्रतीक्षायादीत तेरावं होतं, आणि ती यादी नवव्यावरच संपली. महादेवरावांनी गल्लीभर संत्राबर्फी वाटली, एक डबा वाचनालयातही पोचवला आणि येऊन सांगितलं, "ते कवडूजी म्हणून राहिले होते, पोट्टीले सांगा, वही वाट पाहून राहिली. कपाटाच्या मागं पडली होती म्हणे, सापडली." प्रेमलतेनं घास गिळला. सापडली, म्हणजे संपलं, असं तिनं स्वतःला बजावलं. किल्ल्यांचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही. तिच्या ते मनातच आलं नाही, हे जास्त खरं.

मनात होती ती देवकी. देवकीची जागा आपण खाल्ली, हा काटा तिनं नऊ वर्षं सांभाळला. देवकीनं कुहीहून दोन पत्रं पाठवली, तिनं उत्तर दिलं नाही. देवकी शिक्षिका झाली, तिचं लग्न ठरलं, तर प्रेमलतेनं भलीमोठी पितळी समई पाठवली आणि स्वतः गेली नाही. रात्री कधी जाग आली, की आपल्या जागी देवकी स्टेथोस्कोप घालून फिरताना तिला दिसायची, आणि ती कूस बदलायची.

सत्त्याऐंशी साली वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली. इथं अभ्यास करून डॉक्टर झालेली गल्लीतली पहिली मुलगी म्हणून तिचा सत्कार ठरला. भैय्याजी आमंत्रण घेऊन महादेवरावांकडे गेले, आणि महादेवरावांनी लेकीला न विचारता तिच्या वतीनं हो म्हटलं. याबाबतीत त्यांच्यात काही फरक पडला नव्हता.

त्या दिवशी रिक्षा सरळ रस्त्यानं गेली. हॉल तोच होता, पंखे चार झाले होते. भैय्याजींनी भाषणात कष्ट, चिकाटी आणि प्रामाणिकपणा यांचा एकापाठोपाठ उल्लेख केला, आणि प्रेमलता स्टेजवर बसल्या बसल्या पर्स शोधायला लागली. तिसऱ्या रांगेत देवकी होती. थोडी जाड झाली होती, कडेवर लेकरू होतं. कवडूजी खुर्च्या लावत होते, पाणी देत होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला, तेव्हा तिला त्यांच्या तोंडाकडे पाहता आलं नाही. शाल पांघरून झाली. पाठ करून आणलेलं भाषण तिनं म्हटलं. या वास्तूचे ऋण, वगैरे. टाळ्या पडल्या.

नंतर चिवड्याच्या बशा फिरायला लागल्या, आणि देवकी सरळ तिच्याकडेच आली. प्रेमलतेला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. तिनं देवकीला कपाटाजवळ नेलं आणि एका दमात सांगितलं, "देवकी, ती वही मी लपवली होती. तुझी जागा मी घेतली."

देवकीनं लेकरू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मले माहीत आहे," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, अगदी सहज, काल-परवाची गोष्ट सांगावी तसं. वही हरवली त्याच रात्री, सगळे गेल्यावर, कवडूजींनी एकेक कप्पा काढला आणि ती शोधली. जो माणूस रोज कपाटं झाडतो त्याच्यापासून कपाटात काय लपणार? पाटीवर नाव होतंच. ते, पोरांची नजर जायच्या आत, त्यांनी संध्याकाळीच धुऊन टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून रात्री वाचनालय बंद झालं की ते वही सदऱ्याखाली घालून घरी नेत. सकाळी सहा ते आठ देवकी आणि ती दोन पोरं त्यांच्या ओसरीवर बसून वाचत. आणि दुपारी दोनच्या आत वही पुन्हा बांधीव अंकांच्या मागे ठेवलेली असे, कारण दोनला प्रेमलता येते. पोरं चिडली होती, भैय्याजींना सांगू म्हणत होती. कवडूजींनी त्यांना एवढंच सांगितलं, की पोट्टी घाबरली आहे, वही आता बाहेर काढली तं ती इथं पाय नाही ठेवाची, पेपर होऊ द्या, मंग ती स्वतःच येऊन सांगते.

"मले वही रोज भेटत होती वं," देवकी म्हणाली. "मी फिजिक्समध्ये मागं पडली. माझं तू काहीच नाही नेलं. आता मी पोरांना शिकवते, मले चांगलं वाटते. तू पत्राचं उत्तर काहून नाही दिलं, एवढंच वाईट वाटलं." तिनं पाणी देत फिरणाऱ्या कवडूजींकडे पाहिलं. "पण कवडूजीच्या किल्ल्या तं परत मिळवून द्याच्या होत्या ना. भैय्याजीनं पुन्हा दिल्याच नाही. नऊ वर्षं झाले, तो माणूस रोज सकाळी सातपासून पायरीवर बसून राहतो. भैय्याजीचा नातू उठते, चहा पिते, मंग कुलूप काढाले येते."

प्रेमलतेच्या हातातली चिवड्याची बशी तशीच राहिली. नऊ वर्षं ती लाजत आली होती, आणि तीही चुकीच्या दाराशी. जिचं काही गेलं नव्हतं तिला समई पाठवली, आणि ज्याचं गेलं होतं त्याच्या पायरीवरून जायला नको म्हणून तीन बोळ वळसे घेत राहिली. एकदा जरी सरळ रस्त्यानं आली असती तरी तो तिला बसलेला दिसला असता. खांद्यावरची शाल काढून कवडूजींना पांघरावी असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यावर सुटायचा आपला बेत लक्षात येऊन तिला आणखीच शरम वाटली. तिनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली.

भैय्याजी चार-पाच मंडळींच्या घोळक्यात उभे होते, त्यांत महादेवरावही होते, लेकीबद्दलच बोलत. प्रेमलता तिथं गेली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज तिनं ठेवला. अठ्ठ्याहत्तर साली प्रवेश परीक्षेची वही मी चोरली होती, ती म्हणाली. पाटीवर माझं नाव होतं. ते कवडूजींनी माझ्यासाठी पुसलं. त्यांच्या किल्ल्या माझ्यामुळे गेल्या आणि मी गप्प बसले.

महादेवरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथं विरलं. जन्मभर बोलणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदाच बोलायला काही सापडेना, आणि ते तिच्याकडे न पाहता हातातल्या बशीकडे पाहत राहिले. तिला तेच सगळ्यात जास्त लागलं.

भैय्याजींनी टेबलं पुसत असलेल्या कवडूजींना हाक मारून जवळ बोलावलं. "कवडू, तू तवाच काहून नाही सांगतलं गा?"

"तुम्ही नाव फळ्यावर लावलं असतं," कवडूजी म्हणाले. "पोरीच्या बापाचं."

भैय्याजींनी दाराबाहेरच्या फळ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी कोटाच्या खिशातून जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. माफी वगैरे मागायची त्यांना सवय नव्हती, त्या दिवशीही ती जमली नाही. कवडूजींनी किल्ल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी हातातलं फडकं झटकलं, घडी करून खांद्यावर टाकलं, दोन्ही हात धोतराला पुसले. मग जुडगा उचलला आणि सदरा वर करून करदोड्याला बांधला. या वेळी गाठ मारायला त्यांना जराही वेळ लागला नाही.

प्रेमलता पुढे झाली. पाया पडावं म्हणून वाकणार, तर ते बाजूला सरकून कपाटाकडे गेलेले. त्यांनी लाल पुठ्ठ्याची जुनी वही काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. वर सन १९७८. देवकीची चार पानं भरलेली, पोरांची भरलेली. त्यानंतर पेन्सिलीच्या रेघा आखलेली चार पानं कोरी होती, आणि पहिल्या पानावर त्या देखण्या अक्षरात लिहिलेलं होतं, कु. प्रेमलता महादेवराव वैरागडे. पुढे एकोणऐंशी साल सुरू होत होतं. ही वही भरून दुसरी बांधायची वेळ आली, तरी ती चार पानं त्यांनी कोणाला लिहू दिली नव्हती.

तिच्या डोळ्यांसमोर रेघा हलायला लागल्या. आता मला काय आठवणार, असं तिनं कसंबसं म्हटलं. एकच प्रश्न आठवतो.

"एक तं एक," कवडूजी म्हणाले. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली, टाक आणून ठेवला. मग दाराजवळ गेले, खिळ्यावरची पाटी खाली घेतली, चष्मा सारखा केला आणि खडूनं सावकाश तिचं नाव लिहिलं. भिंतीवरच्या घड्याळात पाहून पुढे वेळ घातली, पाटी परत टांगली, आणि किल्ल्या चाचपत म्हणाले, "अर्धा घंटा, बाई. मंग मले कुलूप लावाचं आहे."